सेकंडहँड कपडे, जुनी पुस्तकं आणि कविता: कॉलेजात नवीन आलेल्यांसाठी सुरुवातीपासून गाइड

पहिल्या वर्षाला माझे पैसे महिन्याच्या मध्यावरच संपायचे आणि नेमके कशावर संपले ते आठवायचं पण नाही. रविवारची दुपार रूमवर पडून स्क्रोल करण्यात जायची. मग एकदा रूममेटने मला जुन्या कपड्यांच्या बाजारात अक्षरशः ओढत नेलं, तिथून जुन्या पुस्तकांचं वेड लागलं, आणि पुस्तकांच्या ढिगात एक कवितांचं पुस्तक हाताला लागलं तिथून कविता सुरू झाली. आता शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात भरपूर चुका केल्या, एक सुंदर स्वेटर कायमचा घालवला, ज्याची पानंच गायब आहेत अशी पुस्तकं उचलून आणली. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं प्रत्येक वेळी वाटायचं, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. लांबलंय, पण सेव्ह करा आणि लागेल तसं वाचा.

एवढं आधीच सांगते की या तिन्ही गोष्टींना पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो. उलटं करून, आत डोकावून, हाताने चाचपून बघायची सवय लागली की तिन्ही जमतात.

बरोबर काय ठेवायचं

- शिवणकामाची टेप (फोनमधल्या मापाच्या अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका)
- मोठी कापडी पिशवी, आणि आत एक प्लास्टिकची घट्ट बंद होणारी पिशवी
- सुट्टे पैसे
- फोनचा टॉर्च
- छोटी वही आणि पेन्सिल (पेन नको, का ते पुढे येईलच)
- रूमवर: सुई, दोरा, छोटी कात्री, चार-पाच जास्तीची बटणं
- कॉलेजचं आयडी आणि पत्त्याचा पुरावा, सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढायला साधारण एवढंच मागतात

१. घरातून निघायच्या आधी स्वतःचा एक शर्ट मोजा

ही पायरी सगळे सोडतात आणि मग रूमवर येऊन रडतात. एम, एल, एक्सएल या अक्षरांना काही अर्थ नाहीये, प्रत्येक ब्रँडचा एम वेगळा, आणि एकाच ब्रँडचा दहा वर्षांपूर्वीचा एम आणि आजचा एम पण वेगळा. त्यात आधीच्या मालकाने धुऊन धुऊन आटवलेला असतो तो भाग वेगळाच.

म्हणून तुम्हाला एकदम नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट सपाट पसरा. शर्टाचं एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंतचं, आणि उंची. पँटची कंबर, मांडी, आणि आतल्या बाजूची लांबी. हे सहा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ट्रायल रूम नसली तरी आता काही अडत नाही, कपडा पसरायचा, टेप लावायची, झालं.

खांद्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं. कंबर आत घेता येते, उंची कमी करता येते, पण खांदे बदलायचे म्हणजे बाह्या उसवून मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) परत कापावा लागतो, एवढ्यात नवीन शिवून होईल. कपडा मोठा करायचा असेल तर शिवणीत आत माया (जास्तीचं कापड) किती ठेवलीय ते बघा. एक-दीड सेंटीमीटर माया असली तर टेलर सोडवून देतो, ओव्हरलॉक करून काठापर्यंत कापलेलं असेल तर विसरा.

२. कपडा उलटा करा, मगच ठरवा

सुलट बाजू फक्त दाखवायला असते, खरं काय ते आतून कळतं. माझा क्रम सांगते, सवय झाली की दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आधी वास. साध्या घामाचा किंवा बंद कपाटाचा वास जातो. डांबर गोळ्यांचा वास जायला बरेच दिवस मोकळ्या हवेत टांगून ठेवावं लागतं. पण बुरशीचा ओलसर कुबट वास असेल आणि कापडावर काळे बारीक ठिपके असतील तर खाली ठेवा.

मग काखा, कॉलरची घडी, कफ. काखेतला पिवळट कडक डाग हा बऱ्याचदा घाम आणि डिओमधलं अ‍ॅल्युमिनियम मिळून झालेला असतो आणि त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं की तो अजून पिवळा होतो, हे मी करून बसलेय. तेलकट डागावर इस्त्री फिरली असेल तर तो जवळजवळ कायमचा.

मग कापड उजेडासमोर धरा किंवा आतून टॉर्च लावा. जीन्स असेल तर मांड्यांच्या मधला भाग आणि बसायची जागा, तिथे जाळी दिसायला लागली असेल तर दोन महिन्यात फाटणार. गुडघा फाटलेला चालतो, गुडघ्याला ठिगळ लावता येतं, मांड्यांमधलं ठिगळ टिकत नाही.

स्ट्रेच कपड्यात इलास्टेन असतं (स्पॅन्डेक्स म्हणजे तेच). थोडं ताणून सोडा. परत जागेवर आलं नाही, लाटा राहिल्या, किंवा ताणताना बारीक तडतड ऐकू आली तर आतलं रबर मेलंय, त्याला इलाज नाही.

चेन दोनदा पूर्ण वर-खाली करा. दात अडकत असतील तर धातूच्या चेनवर पेन्सिलचं शिसं घासलं की ती लोण्यासारखी चालते. रनर सैल असेल तर पक्कडीने हलका दाबून घट्ट होतो. पण एक जरी दात तुटलेला असेल तर पूर्ण चेन बदलावी लागते, तो खर्च किमतीत धरा.

आणि शेवटी लेबल. टब म्हणजे धुणं, टबातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती अंश सेल्सिअस पाणी, टबात हात काढलेला असेल तर हाताने धुवा. त्रिकोण ब्लीचचा, चौकोन वाळवण्याचा, वर्तुळ ड्रायक्लीनिंगचं. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे साधारण ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश. कशावरही फुली असेल तर ते करायचंच नाही. एवढी सहा चिन्हं पाठ झाली की आयुष्यभर पुरतात.

लेबल कापलेलं असेल तर शिवणीतला एक सुटा धागा काढून आणा आणि सिंकवर, कपड्यापासून लांब, चिमट्यात धरून जाळून बघा. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे कॉटन किंवा लिनन. जळक्या केसांचा वास आणि चुरडली जाणारी काळी गोळी म्हणजे लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर नाहीतर नायलॉन. हॉस्टेलच्या खोलीत मात्र करू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि कारण समजावून सांगणं अवघड जातं.

चांगला शिवलेला कपडा ओळखायची माझी एक आवडती खूण आहे, चौकडीच्या शर्टाची बाजूची शिवण बघा. दोन्हीकडच्या रेघा एकमेकींना बरोबर जुळत असतील तर कापणाऱ्याने जास्तीचं कापड घालवून, जुळवून कापलंय. असा एक शर्ट मला ढिगाच्या तळाशी मिळाला होता, वरून फिका पडलेला, पण बाजूच्या रेघा काखेपासून खालपर्यंत एकही जागा न चुकता जुळलेल्या, आतल्या शिवणीला जास्तीचं बटण तसंच लावलेलं. कोणीतरी कोणासाठी तरी जीव लावून शिवला असणार. तो शर्ट अजून माझ्याकडे आहे, परीक्षेला तोच घालते.

३. हे कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका

हेल्मेट: आतला फोम एकाच आपटण्यासाठी असतो आणि तो दबलाय का हे बाहेरून दिसत नाही.

रेक्झिनसारखी नकली लेदरची जॅकेटं: पॉलीयुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) थर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत सुटतो, एकदा सोलायला लागला की थांबत नाही. खऱ्या चामड्याला भेगा पडल्या तरी तेल-क्रीमने बऱ्यापैकी सावरतं.

वर्षानुवर्षं डब्यात पडलेले स्पोर्ट शूज: हा ट्रॅप खूप जणांना माहीत नाही. दिसायला एकदम नवे, पण सोल त्याच पॉलीयुरेथेनचा असेल तर पहिल्याच चालण्यात भुगा होतो. अंगठ्याने सोल जोरात दाबून बघा, चिकट किंवा ठिसूळ लागला तर नको.

आतले कपडे, इअरबड्स, वायर तडकलेली इस्त्री किंवा हीटर, यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

४. रूमवर आणल्यावर

आणलेला कपडा सरळ बेडवर टाकायचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीतच राहू द्या आणि पिशवीतून सरळ धुवायला. शिवणींमध्ये काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय घ्या. लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशाच्या पाण्यात धुतलं किंवा ड्रायरमध्ये कडक गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवलं की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. लोकरीला हे चालत नाही. ती पिशवीत बंद करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवायची, कसर (लोकर खाणारी कीड) पण जाते.

आता स्वेटरची गोष्ट. गडद निळा, शुद्ध लोकर, कोपरावर थोडा विरलेला, माझ्या मापाचा. मी तो कढत पाण्याच्या बादलीत बुडवून खसाखसा घासला. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घासणं मिळून ते खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं, परत उलगडत नाही. बाहेर काढला तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला बसला असता. खूप वाईट वाटलं, कारण कोणीतरी तो कितीतरी वर्षं सांभाळून माझ्यापर्यंत पोचवला होता. लोकर थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न घासता, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि आडवी वाळवायची. दोरीवर टांगली तर लांब होते.

बटण लावायला शिकाच. लावताना बटणाच्या वर एक आगपेटीची काडी आडवी ठेवून त्यावरून टाके घाला, मग काडी काढून बटण वर ओढा आणि खाली राहिलेल्या ढिल्या दोऱ्याभोवती तोच दोरा चार-पाच वेळा गुंडाळून गाठ मारा. जाड कापडावर बटण असं लावलं तरच काज नीट बसतं.

५. जुनी पुस्तकं

अभ्यासाची पुस्तकं घेताना आधी सरांना किंवा मॅडमना विचारा की कितवी आवृत्ती चालेल. बऱ्याचदा एक आवृत्ती मागचं पुस्तक चालतं, फक्त गणितांचे नंबर बदललेले असतात. ज्या पुस्तकाबरोबर ऑनलाइन कोड येतो त्याचा कोड आधीच वापरलेला असणार असंच धरून चला. ऑनलाइन मागवताना नुसतं नाव बघू नका, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) जुळवा. १ जानेवारी २००७ पासून तो १३ आकडी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी असतो, त्यामुळे आकडे कमी दिसले म्हणून बनावट समजू नका.

पानं मोजायची युक्ती: पुस्तकं ८, १६ किंवा ३२ पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात, त्यामुळे बांधणी सैल झाली की एक-दोन पानं जात नाहीत, पूर्ण गठ्ठा जातो. खालचे पान नंबर अंगठ्याने भरभर सोडत बघा. मी एक कादंबरी आणली होती, पान ९६ नंतर थेट ११३, नेमका तिथे कोणीतरी घर सोडून निघालं होतं आणि पुढच्या पानावर परत आलेलं होतं, मधलं काय झालं ते वाचनालयात जाऊन वाचावं लागलं.

पानं पिवळी पडली म्हणजे पुस्तक वाईट नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन नावाचा लाकडातलाच घटक असतो, तो हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, जुन्या पुस्तकाचा तो गोडसर वास पण कागद हळूहळू विघटित होतो त्यातूनच येतो. तपकिरी ठिपके पण चालतील. ओलसर बुरशी आणि पुठ्ठ्यातून पडणारी भुकटी मात्र चालणार नाही, एक किडकं पुस्तक पूर्ण फळी खातं.

आणि समासातल्या नोंदी! लोकं त्यामुळे पुस्तक नाकारतात, मी त्याच शोधते. कवितांचं जे पहिलं पुस्तक मी घेतलं त्यात एका ओळीच्या बाजूला पेन्सिलने फक्त "हो" लिहिलेलं होतं. तीच ओळ मी आधी दोनदा वाचून पुढे गेले होते. तो "हो" बघून थांबले, परत वाचली, आणि तेव्हा कळली. म्हणून मी पण आता पेन्सिलनेच लिहिते, पुढच्याला नको असेल तर त्याला खोडता आलं पाहिजे.

६. कविता वाचायला कशी सुरुवात करायची

शाळेत "कवीला काय सांगायचे आहे" लिहून लिहून आपल्याला कवितेची भीती बसलीय. ती काढायला माझी पद्धत.

एका कवीचं जाडजूड समग्र घेऊ नका, अनेकांच्या निवडक कवितांचं संकलन घ्या. वीस कविता वाचाल, तीन आवडतील, त्या तीन कवींचं पुढे शोधायचं. दिवसाला एक कविता, जास्त नाही.

पहिलं वाचन मोठ्याने, अर्थाचा विचार न करता. तोंडाला कुठे अडखळतंय, कुठे घरंगळत जातंय ते बघा. दुसरं वाचन वाक्य धरून करा, ओळ संपली म्हणून थांबायचं नाही, पूर्णविराम येईपर्यंत जायचं. "कळली नाही" म्हणणाऱ्यांची अर्धी अडचण इथेच सुटते. तिसऱ्या वाचनात बघा की ओळ तिथेच का तोडलीय, ओळीच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवा आणि त्याजागी दुसरा शब्द टाकून बघा. बिघडलं तर का बिघडलं? इथे कविता उलटी करून शिवण बघितल्यासारखं होतं, आणि खरंच मजा येते. मग आवडलेली कविता हाताने वहीत उतरवा. टाइप करू नका, हाताने लिहिताना प्रत्येक स्वल्पविरामाशी ओळख होते.

कवितेच्या घाटांची, म्हणजे रचनेच्या प्रकारांची, थोडी माहिती असली की वाचन सोपं जातं. सॉनेटला १४ ओळी, इटालियन पद्धतीत ८ आणि ६ अशी फोड असते आणि साधारण नवव्या ओळीला विचार वळतो, इंग्लिश पद्धतीत ४-४-४-२ आणि शेवटच्या दोन ओळींत सगळं आवळलेलं. गझलेचा प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि स्वतंत्र उभा राहू शकणारा, त्यामुळे पूर्ण गझलेत एकच गोष्ट शोधत बसू नका. हायकूचे ५-७-५ हे जपानी ध्वनींचं मोजमाप आहे, दुसऱ्या भाषेत अक्षरं मोजून बसवलं म्हणजे हायकू झाला असं नसतं.

फुकट वाचायचं असेल तर १९७१ साली सुरू झालेलं प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, कॉपीराइट संपलेली पुस्तकं तिथे मिळतात, आणि २००५ पासूनच्या लिब्रिवॉक्सवर जगभरातले स्वयंसेवक अशीच पुस्तकं वाचून ऐकवतात.

७. एक कविता पाठ करा

चौदा ओळींची निवडा. रोज दोन ओळी, आठवड्यात होते. शेवटाकडून सुरू करा: आज शेवटच्या दोन, उद्या त्याच्या आधीच्या दोन आणि त्या धरून शेवटपर्यंत. असं केलं की म्हणताना तुम्ही कायम ओळखीच्या जागेकडे जात असता, अडखळायची भीती राहत नाही. पाठ झाली की दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने म्हणा. अंतर वाढवत नेलेली उजळणी जास्त टिकते, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा हा हिशोब मांडला होता. परीक्षेच्या रांगेत, लाइट गेल्यावर, झोप येत नसताना, चार्जिंग न लागणारी ही एकच गोष्ट तुमच्याजवळ असेल.

८. लिहिली असेल तर ऐकवा

ओपन माइकला (जिथे कोणीही नाव देऊन माइकवर ऐकवू शकतं) जा, पहिल्या दोन वेळा फक्त ऐकायला. स्लॅम म्हणजे वेगळं, ती कविता ऐकवायची स्पर्धा, ते १९८०च्या दशकात शिकागोत सुरू झालं, कविता स्वतःची हवी, साधारण तीन मिनिटं, सामान-वाद्यं काही नाही, आणि प्रेक्षकांतलेच पाच जण शून्य ते दहा गुण देतात, सगळ्यात वरचा आणि खालचा काढून टाकतात. नवीन असाल तर आधी ओपन माइकच बरा.

कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून न्या, फोनचा स्क्रीन नेमका मधल्या ओळीला काळा होतो. घरी घड्याळ लावून वाचा, माइकसमोर स्पीड वाढतो म्हणून मुद्दाम हळू. तोंड आणि माइकमध्ये एक मूठभर अंतर. आणि "एवढी खास नाहीये पण" हे वाक्य बोलू नका प्लीज, नाव सांगा आणि सुरू करा. माझ्या पहिल्या वेळी कागद थरथरत होता, म्हणून मी तो पुठ्ठ्याच्या फाइलवर ठेवला, पुठ्ठा थरथरत नाही. मागच्या बाकावरची एक अनोळखी मुलगी शेवटच्या ओळीला मान हलवत होती. ते मी विसरू शकत नाही.

मासिकाला पाठवायची असेल तर आधी सोशल मीडियावर टाकू नका, बरीच मासिकं ते "प्रकाशित" धरतात. आणि "तुमची कविता निवडली गेलीय, संग्रहाच्या इतक्या प्रती विकत घ्या" असा मेसेज आला तर पैसे भरू नका. मला आला होता, मी आनंदाने घरी फोन पण केला होता, मग कळलं की ज्यांनी ज्यांनी पाठवली त्या सगळ्यांचीच निवड झालीय.

९. एका कागदाचं पुस्तक करा

हे सगळ्यात शेवटी ठेवलं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं. एक ए४ कागद, कात्री, बस. कागद तीनदा अर्धा दुमडा, आठ चौकटी पडतील, प्रत्येक ७४ बाय १०५ मिलिमीटर. उघडा. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेघेवर फक्त पहिल्या आडव्या घडीपर्यंत कापा. परत उघडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, मधली चीर फुलासारखी उघडते, घड्या फिरवल्या की आठ पानांचं पुस्तक. गोंद नाही, पिन नाही.

ट्रॅप एकच आहे, अर्धी पानं कागदावर उलटी असतात. म्हणून आधी कोरं पुस्तक दुमडून घ्या, पेन्सिलने पान नंबर टाका, मग उघडून त्या दिशेने लिहा. कडेला अर्धा सेंटीमीटर मोकळं सोडा, झेरॉक्स मशीन तेवढं खातं. एकाच बाजूला लिहिलेलं असल्याने एका झेरॉक्समध्ये एक पुस्तक होतं.

मी वीस काढली होती. बारा वाटली, सात वाचनालयातल्या कवितेच्या पुस्तकांमध्ये ठेवली, आणि एक त्या चौकडीच्या शर्टाच्या खिशात आहे, बरोबर बसतं.